आयातीचे परवाने आणि भरपाईचा प्रश्न

सरकारने एखाद्याला परवाना दिला, त्यावर त्याने धंदा उभा केला, आणि पन्नास वर्षांनी तो परवानाच रद्द झाला, तर त्याने भरपाई मागावी काय? प्रश्न साधा वाटतो. पण आयात-परवान्यांचा इतिहास पाहिला म्हणजे उत्तर चटकन देववत नाही.

हे परवाने आले १९४० साली, लढाईच्या धामधुमीत. जहाजांत जागा अपुरी, परकी चलन जपून वापरायचे. लढाई संपली, परवाना मात्र राहिला. १९४७ मध्ये कायदा झाला. १९५६-५७ मध्ये परकी चलनाची गंगाजळी आटू लागली तशी पकड आणखी आवळली. पुढे रीतच अशी पडली की, एखादी वस्तू देशात होते असे सरकारी खात्याने कळवले की ती बाहेरून आणायची नाही. ती कशी होते, केवढ्याला पडते, हे कोण विचारतो! या आडोशाला कारखाने वाढले, माणसे कामाला लागली, हेही खरेच.

पण दुसरी बाजू पाहा. समजा, बंदरात शंभराला पडणारा माल बाजारात दीडशेला विकतो. मग वरचे पन्नास कोणाचे? ज्याच्या हाती परवाना, त्याचे! अ‍ॅन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९७४ साली हिशेब मांडला, की १९६४ मध्ये भारतात अशा नियंत्रणांतून निघणारा आयता लाभ राष्ट्रीय उत्पन्नाच्या ७ टक्क्यांवर होता, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा आयात-परवान्यांचा. असला लाभ बुडाला म्हणून सरकारी तिजोरीतून भरपाई द्यावी, हे मला तरी पटत नाही.

१९९१ च्या उन्हाळ्यात देशाजवळ जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते परकी चलन उरले. जुलैत रुपयाचे अवमूल्यन झाले, आणि १९९२ पासून कच्चा माल व यंत्रे यांवरचे बहुतेक परवाने सुटले. रोजच्या वापराच्या वस्तूंवरचे निर्बंध राहिले. त्यांवर अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली, १९९९ मध्ये निकाल आपल्याविरुद्ध गेला, आणि १ एप्रिल २००१ रोजी शेवटच्या ७१५ वस्तू मोकळ्या झाल्या.

कारखानदाराच्या हातावर रोख रक्कम कोणी ठेवली नाही. तरी तो अगदीच उघड्यावर पडला नाही. रुपया उतरल्याने परदेशी माल आपोआप महागला. परवाना गेला तरी जकात होतीच, आणि ती वर्षावर्षाने, बेताबेताने उतरवली गेली. २००१ च्या अंदाजपत्रकात तर चहा, कॉफी, नारळ, खोबरे यांवरची जकात ३५ वरून ७० टक्के केली! कोकणातल्या नारळवाल्याला ही भरपाईच म्हणायची. तिचा भार मात्र गिऱ्हाइकाने सोसायचा.

आणि कामगार? त्यांच्यासाठी फेब्रुवारी १९९२ मध्ये राष्ट्रीय नूतनीकरण निधी काढला. सुटलेल्या माणसाला नवे काम शिकवावे, दुसरीकडे लावावे, असा हेतू. प्रत्यक्षात बहुतेक पैसा केंद्र सरकारच्याच कारखान्यांतील नोकरांना स्वेच्छानिवृत्ती देण्यात गेला. ज्याचे नाव धड हजेरीपटावरही नाही, अशा लहान खासगी कारखान्यातल्या माणसापर्यंत तो पोचायचा कसा? हा निधी २००० साली बंद झाला. शेवटच्या ७१५ वस्तू सुटल्या त्या त्यानंतरच्या वर्षी.