बेचिराग वॉरम पर्सी

इंग्लंडमध्ये यॉर्कशायर परगण्यातील वोल्ड्स या खडूच्या दगडाच्या टेकड्यांत वॉरम पर्सी हे गाव होते, आणि त्याचे नाव ज्या पॅरिशला, म्हणजे एका चर्चच्या धार्मिक अधिकाराखालील प्रदेशाला, मिळाले होते त्यात थिक्सेंडेलसारखी आसपासची इतरही गावे मोडत असत. आपल्याकडील महसुली दप्तर ज्याला ‘बेचिराग’ म्हणते, म्हणजे जिथे दिवा लावणारे कोणी उरले नाही, असे हे गाव 1500 च्या सुमारास पुरते ओस पडले. गवताखाली राहिले ते घरांच्या जोत्यांचे उंचवटे, परसांचे बांध आणि एकेकाळच्या शेतांचे सरी-वरंबे.

आर्थिक इतिहासाचे अभ्यासक मॉरिस बेरेसफर्ड 1948 मध्ये या जागेकडे वळले, पुढे मध्ययुगीन मृद्भांड्यांचे जाणकार जॉन हर्स्ट त्यांना येऊन मिळाले, आणि 1950 ते 1990 अशी चाळीस वर्षे दर उन्हाळ्यात येथे उत्खनन चालले. राजे आणि मठ यांच्या वास्तू सोडून सामान्य कुळांच्या घरांसाठी इतका दीर्घकाळ माती उकरणे त्या काळी नवलाचेच होते. छोटे चर खणण्याऐवजी संपूर्ण घराची जागा एकसंध उघडी करून थर वाचण्याची पद्धत येथे रुजली, कारण दगडाचा पातळ पाया आणि तुडवलेली जमीन एवढाच पुरावा हाती असताना अरुंद चरातून घराचा आराखडा समजत नाही.

उघडी झालेली घरे बहुतांशी लांबट होती: एका टोकाला माणसे, दुसऱ्याला गुरे, मधून आरपार वाट. एकाच जागी वेगवेगळ्या दिशांनी गेलेले पाये पाहून ही घरे तकलादू असून दर पिढीला नव्याने उभारावी लागत, असे प्रथम मानले गेले. पुढे स्टुअर्ट रॅथमेल यांनी दाखवून दिले की भार पेलत होत्या त्या वाकड्या लाकडांच्या जोड्या, आणि भिंती या केवळ वेळोवेळी डागडुजी करण्याजोग्या आडोशासारख्या होत्या. जमीन सतत झाडल्यामुळे मध्यभागी खोलगट झाली होती, आणि याच टापटिपीमुळे घरात वस्तू फार थोड्या सापडल्या. स्वच्छ गृहिणी पुरातत्त्वज्ञाला फारशी मदत करत नाही.

सर्वाधिक बोलके ठरले ते सेंट मार्टिन चर्च. दहाव्या शतकातील लहानशा लाकडी वास्तूपासून सुरू होऊन ते दगडी झाले, लोकवस्ती वाढली तशा त्याला बाजूच्या ओवऱ्या जोडल्या गेल्या, आणि वस्ती घटल्यावर त्या पाडून मधल्या कमानी बुजवण्यात आल्या. त्या आजही भिंतीत ओळखू येतात. आवारात सुमारे सातशे सांगाडे मिळाले. त्यांच्या अभ्यासातून बाळे साधारण दीड वर्षापर्यंत अंगावर पीत असत हे कळते, आणि चौदा वर्षांच्या मुलाची उंची आजच्या दहा वर्षांच्या मुलाएवढी होती हेही. गावातल्याच एका खड्ड्यातील 137 हाडांवर सुरीचे व जळाल्याचे व्रण आढळले. ही किमान दहा माणसांची हाडे असून, मृतांनी परत उठू नये म्हणून प्रेते तोडून जाळली असावीत, असा तर्क 2017 मध्ये मांडण्यात आला. तो अंतिम मानण्याचे कारण नाही, परंतु दुष्काळातील नरभक्षणाच्या पर्यायापेक्षा तो व्रणांच्या जागांशी अधिक जुळतो.

गाव प्लेगने मारले ही लोकप्रिय समजूत मात्र टिकत नाही. 1348-49 च्या साथीनंतरही 1368 मध्ये येथे सुमारे तीस घरे नांदत होती. शेवट केला तो मेंढ्यांनी, अधिक नेमके सांगायचे तर लोकरीच्या भावाने: नांगरटीपेक्षा कुरणात नफा दिसू लागला तशी जमीनमालकांनी उरलीसुरली कुळे हुसकावून लावली.

गाव गेले तरी पॅरिश राहिली. शेजारच्या गावांतील लोक त्याच चर्चमध्ये येत राहिले; थिक्सेंडेलला स्वतःचे चर्च मिळाले तेच 1870 मध्ये. वॉरम पर्सीच्या चर्चचा वापर 1949 पर्यंत चालू होता, आणि 1959 मध्ये त्याच्या मनोऱ्याचा काही भाग कोसळला.