डोंगरीच्या भिंती आणि लोकमत

अल्पवयीन मुलाच्या हातून एखादा भीषण गुन्हा घडला की समाजात एकच प्रश्न उसळून येतो : वय पाहायचे की कृत्य? हा प्रश्न आजचा नव्हे. गेली पावणेदोनशे वर्षे आपल्या देशातील कायदा या प्रश्नापाशी पुन्हा पुन्हा येऊन थबकला आहे आणि त्या वाटचालीतील काही महत्त्वाचे टप्पे मुंबईत घडले आहेत. लोकांच्या संतापाला कायद्याने कोणते उत्तर दिले आणि कोणते द्यायचे राहून गेले, हे पाहू गेल्यास आजच्या वादाचीही थोडीफार उकल होऊ शकेल.

आपल्याकडे या विषयाचा आरंभ १८५० च्या अप्रेंटिस कायद्यापासून मानला जातो. किरकोळ गुन्ह्यात सापडलेल्या १० ते १८ वर्षांच्या मुलाला तुरुंगात न डांबता एखाद्या कारागिराच्या हाताखाली उमेदवारीला ठेवावे, अशी त्यात तरतूद होती. १८५७ मध्ये मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची औद्योगिक शाळा निघाली. भटक्या व गुन्ह्यात सापडलेल्या मुलांना हातात काही कसब देऊन मार्गी लावावे, हा तिचा हेतू. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा ठरत नाही, असे सांगितले. सात ते बारा या वयात मुलाची समज पाहून निर्णय करावा, असे ठरवले. विशेष म्हणजे १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही हे दोन नियम तसेच कायम आहेत.

परंतु त्याच काळातील दुसरी बाजूही विसरता येत नाही. १८६४ च्या फटक्यांच्या कायद्याने बालगुन्हेगाराला अन्य शिक्षेऐवजी वेताचे फटके मारण्याची मुभा न्यायाधीशाला दिली. शाळेत मास्तर मारतो तसे हे फटके असावेत, अशी कल्पना होती. आज हे क्रूर वाटते. पण तुरुंगात सराईत गुन्हेगारांच्या संगतीत मूल कायमचे बिघडण्यापेक्षा चार फटके बरे, असे त्या काळच्या पुष्कळ सज्जनांना मनापासून वाटत असे. ही शिक्षा कायद्यातून पूर्णपणे हटायला १९५५ साल उजाडावे लागले.

मुलासाठी वेगळे घर हवे, हा विचार मात्र याहून जुना आहे. १७०३ मध्ये पोप अकरावे क्लेमेंट यांनी रोममध्ये सान मिकेले येथे केवळ मुलांसाठी सुधारगृह उभारण्याचा आदेश काढला. तेथे मुले दिवसा एकत्र सूत कातीत आणि रात्री स्वतंत्र कोठड्यांत झोपत. दुर्जनांना शिक्षेने नुसते आवरून भागत नाही, शिस्तीने त्यांना सज्जन करता आले पाहिजे, अशा अर्थाचे लॅटिन वचन तेथे कोरलेले होते. तुरुंगसुधारणेसाठी आयुष्य वेचणारे इंग्रज गृहस्थ जॉन हॉवर्ड यांना ते वचन विलक्षण भावले. अर्थात तेथेही चाबूक होता, साखळ्या होत्या. चांगले वचन भिंतीवर कोरणे सोपे असते. ते भिंतीच्या आत जगणे अवघड, ही गोष्ट तेव्हापासूनच खरी ठरत आली आहे.

भारतात खरे वळण आले ते १९१९-२० च्या तुरुंग समितीमुळे. सर अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखालील या समितीने मुलांसाठी स्वतंत्र न्यायालये असावीत आणि त्यांना सामान्य तुरुंगात धाडू नये, अशी शिफारस केली. त्यानंतर मद्रासने १९२० मध्ये, बंगालने १९२२ मध्ये आणि मुंबई इलाख्याने १९२४ मध्ये बालकांचा कायदा केला. १९२७ मध्ये मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. डोंगरीच्या ज्या तुरुंगात १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांनी १०१ दिवस काढले, त्याच वास्तूत पुढे मुलांचे रिमांड होम आले. तुरुंगाचे बालगृह झाले, ही सुधारणाच होती. पण भिंती त्याच राहिल्या. मुंबईतल्या कितीतरी घरांत व्रात्य मुलाला डोंगरीचा धाक घातला जाई. कायद्याच्या दृष्टीने ते काळजीचे ठिकाण होते. लोकांच्या मनात तो तुरुंगच राहिला.

स्वातंत्र्यानंतर केंद्रशासित प्रदेशांसाठी १९६० चा बालक अधिनियम आला. राज्याराज्यांचे कायदे निराळे होते आणि अनेक ठिकाणी मुले प्रत्यक्षात तुरुंगातच खितपत होती. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. १९८६ मध्ये न्यायालयाने मुलांना तुरुंगात ठेवू नये, असे बजावले आणि साऱ्या देशासाठी एकच कायदा असावा, असे सुचवले. त्याच वर्षी बाल न्याय अधिनियम संमत झाला. त्यात बालकाची वयोमर्यादा मुलांसाठी १६ आणि मुलींसाठी १८ होती. १९९२ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्वीकारला आणि २००० च्या कायद्याने मुलगा-मुलगी दोघांनाही १८ ही एकच मर्यादा लागू झाली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, हे सारे होत असताना रस्त्यावर मोर्चे निघाले नाहीत. दयेचा कायदा शांतपणे आला. म्हणूनच बहुधा तो लोकांच्या मनात रुजला नाही.

ती शांतता १६ डिसेंबर २०१२ रोजी दिल्लीत भंगली. धावत्या बसमध्ये एका तरुणीवर झालेल्या पाशवी अत्याचाराने देश हादरला. सहा आरोपींपैकी एक अठराच्या आतला होता. लहानपणीच घर सोडून मजुरीला लागलेला. न्या. वर्मा समितीकडे सुमारे ८०,००० सूचना आल्या. २३ जानेवारी २०१३ च्या अहवालात समितीने वयोमर्यादा खाली आणण्यास नकार दिला आणि बालगृहांच्या दुरवस्थेकडे बोट दाखवले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही ही मर्यादा बदलण्यास नकार दिला. त्या काळच्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार देशातील एकूण गुन्ह्यांत अल्पवयीनांचा वाटा सुमारे १.२ टक्के होता. पण ज्या आईने लेक गमावली तिच्यासमोर टक्केवारी मांडणार तरी कशी? तिच्या दुःखापुढे आकडे मुके होतात आणि ते व्हावेतच.

कायद्याने ठरवलेली कमाल तीन वर्षे पूर्ण करून तो मुलगा २० डिसेंबर २०१५ रोजी सुटला. दिल्लीत निदर्शने झाली. लोकसभेने मे महिन्यातच संमत केलेले विधेयक राज्यसभेने २२ डिसेंबरला, म्हणजे दोनच दिवसांत, संमत केले. नव्या कायद्यानुसार १६ ते १८ वयाच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केल्यास त्याची प्राथमिक तपासणी करून त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालवता येतो. फाशी, किंवा सुटकेची आशाच नसलेली जन्मठेप, मात्र त्याला देता येत नाही.

१९ मे २०२४ रोजी पुण्यात एका अल्पवयीन मुलाच्या भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. काही तासांतच त्या मुलाला जामीन मिळाला आणि जामिनाच्या अटींत ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची एक अट होती. पुन्हा जनक्षोभ उसळला. तो वाढला तो रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपाने. दिल्लीतला मुलगा गरीब होता, पुण्यातला श्रीमंत घरचा. दोन्ही वेळा लोक वयाविषयी बोलत होते. पण पुण्यातील संतापाच्या मुळाशी दुसराच प्रश्न होता : गरिबाच्या मुलाला अशी तत्परता कधी लाभली असती काय? तो प्रश्न न्याय्य होता आणि त्याचे उत्तर वयोमर्यादेत नव्हते.

येथे या इतिहासाचे सार हाती येते. लोकमत नेहमीच सूडाचे भुकेले असते, असे म्हणणे लोकांवर अन्याय करणारे आहे. लोक न्याय मागतात, समान वागणूक मागतात, आपली लेकरे सुरक्षित असावीत एवढे मागतात. शासन मात्र त्यांच्या हाती बहुधा वाढीव शिक्षा ठेवते; कारण कायद्याचे कलम बदलण्यास खर्च नसतो. चांगले बालगृह, पुरेसे परिवीक्षा अधिकारी, समुपदेशक, सुटून आलेल्या मुलाला काम देणारा कारखाना हे सारे खर्चाचे आणि चिकाटीचे असते. ससूनच्या शाळेपासून आजवर कायदे पुष्कळ झाले. या दुसऱ्या कामाला माणसे आणि पैसा मात्र नेहमीच कमी पडला.

आणखी एक गोष्ट. मुलांविषयीचा विचार मऊ झाला तो जवळून पाहणाऱ्यांमुळे. तुरुंग समितीने तुरुंग पाहिले, शीला बारसे यांनी कोठडीतील मुले पाहिली. दुरून दिसते ते कृत्य. जवळ गेल्यावर दिसते ते मूल. बळी पडलेल्याचे दुःखही जवळूनच पाहावे लागते. एकाची बाजू घेताना दुसऱ्याकडे पाठ फिरवून चालत नाही.

या कायद्यात एक तरतूद आहे, जिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. बाल न्याय मंडळावर एकटा न्यायदंडाधिकारी बसत नाही. त्याच्यासोबत दोन समाजसेवक असतात आणि त्यांपैकी निदान एक स्त्री असावीच लागते. म्हणजे कायद्याने समाजासाठी दोन खुर्च्या राखून ठेवल्या आहेत. लोकमताची खरी जागा तीच. आपल्या धर्मग्रामांत मुलांसोबत वर्षानुवर्षे काम केलेले शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, निवृत्त अधिकारी आहेत. त्यांतील कुणी त्या खुर्चीवर बसले, कुणी निरीक्षणगृहातील मुलांना शिकवू लागले, कुणी बळी पडलेल्या कुटुंबाच्या पाठीशी न्यायालयाच्या तारखांना उभे राहिले, तर डोंगरीच्या भिंतींच्या आत काय चालते, हे समाजाला ऐकीव बातमीवरून ठरवावे लागणार नाही.