रद्दी, चिंचोके आणि कणकेचा गोळा

घरखर्चाला कात्री लावण्याची वेळ आली की मध्यमवर्गीय कुटुंबात हॉटेल, सिनेमा आणि नवे कपडे यांवर प्रथम गदा येते. मुलांच्या खेळण्यांना मात्र सहसा कोणी हात लावत नाही. आपल्याला जे मिळाले नाही ते मुलाला मिळावे ही त्यामागील भावना असते आणि ‘शेजारच्याकडे आहे, मग माझ्याकडे का नाही?’ या प्रश्नाची धास्तीही. परिणामी दोन खोल्यांच्या घराचे कोपरे प्लॅस्टिकच्या मोटारींनी भरतात आणि तरीही मूल कंटाळले म्हणून अखेर मोबाइल त्याच्या हातात जातो. वास्तविक तीन ते सहा या वयात मुलाच्या हातांना काम हवे असते. ते विकतच्या वस्तूतूनच मिळावे असा काही नियम नाही. महाराष्ट्रातील बालशिक्षणाच्या परंपरेने हे फार पूर्वीच ओळखले होते.

डॉ. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या सॅन लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत पहिले बालगृह उघडले. त्यांची पद्धत भारतात आली ती लाकडी ठोकळे, मनोरे आणि मण्यांच्या माळा अशा घोटीव साधनांसह. भावनगर येथे १९२० मध्ये बालमंदिर सुरू करणारे गिजुभाई बधेका आणि त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांना या पद्धतीचे मोल पटले होते, परंतु तिची किंमत सामान्य भारतीय घराला परवडणारी नाही, हेही दिसत होते. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. ताराबाईंनी १९४५ मध्ये मुंबईतून बाहेर पडून बोर्डी या किनाऱ्यावरील गावात काम आरंभले. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. पुढे १९५७ मध्ये हे कार्य जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी वस्तीत गेले. तेथे शंख-शिंपले, पाने, बिया, खडे आणि काड्या हीच शिक्षणाची साधने झाली. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणात नेण्यात आली. ‘अंगणवाडी’ या आज सर्वपरिचित असलेल्या कल्पनेचे मूळही ताराबाईंच्या याच प्रयोगांत आहे.

या दोघींनी स्वस्त वस्तू नाइलाज म्हणून स्वीकारल्या, असे समजणे चुकीचे ठरेल. शिंपल्यांची मांडणी करणारे मूल लहान-मोठे, खडबडीत-गुळगुळीत, कमी-अधिक हे सारे बोटांनी शिकत असते. बटण दाबले की गाणारी बाहुली त्याला एकदाच आश्चर्यचकित करते. वाटीभर चिंचोके मात्र आज पैसे होतात, उद्या भातुकलीतील भात होतात आणि परवा फरशीवर मांडलेली आगगाडी.

शहरी घरात सर्वांत समृद्ध जागा म्हणजे स्वयंपाकघर. राजमा, हरभरे आणि वाटाणे एकत्र करून पुन्हा वेगळे करणे, मटारच्या शेंगा सोलणे, पुसलेले चमचे आकारानुसार लावणे ही कामे मुलाला खेळच वाटतात आणि त्यातून लेखनासाठी लागणारी बोटांची पकड तयार होते. पोळ्या लाटताना कणकेचा एक गोळा मुलाला द्यावा. अधिक टिकाऊ गोळा हवा असल्यास दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ आणि दोन चमचे तेल एकत्र करून लागेल तसे पाणी घालत मळावे. पिवळ्या रंगासाठी हळद आणि गुलाबीसाठी बिटाचा रस पुरतो. मिठामुळे हा गोळा लवकर खराब होत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये आठवडाभर सहज राहतो. मात्र त्यात मीठ भरपूर असल्याने तो तोंडात घालण्याची वस्तू नाही, हे मुलाला आरंभीच सांगावे.

हळदीचाच आणखी एक खेळ आहे. पाण्यात कालवलेली हळद कोऱ्या कागदावर फासून कागद वाळवावा. साबणाच्या पाण्यात बुडविलेल्या काडीने त्यावर रेघ ओढली की ती लालसर उमटते आणि तिच्यावर लिंबू पिळले की पुन्हा पिवळी होते. हळदीपासून कुंकू करण्याच्या जुन्या रीतीतही हाच गुण कामी येई. पाच वर्षांच्या मुलाला आम्ल आणि अल्क हे शब्द सांगण्याची घाई नको. ‘आता काय होईल?’ एवढा प्रश्न पुरेसा आहे.

भेंडीचा देठाकडील भाग आडवा कापून रंगात बुडविला की फुलाचा ठसा उमटतो. रद्दीचे तुकडे तीन-चार दिवस भिजवून, त्यात भिजवलेली मेथी वाटून घालून कुटले की लगदा तयार होतो. पालथ्या पातेल्यावर तो थापून पूर्वी घरोघरी टोपल्या केल्या जात. रद्दीवाल्याकडून मिळणारे चार पैसे कमी होतील, पण मूल दोन दिवस गुंतून राहील. दिवाळीतील किल्ला हा तर या साऱ्यांचा मुकुटमणी: माती, दगड, जुने गोणपाट आणि वर पेरलेले हळीव. तयार किल्ले बाजारात मिळू लागले तरी हळीव उगवताना रोज सकाळी पाहण्याचे सुख त्यांत नाही. गच्ची वा वाहनतळाचा कोपरा मागितला, तर सोसायट्या सहसा नकार देत नाहीत.

थोड्या मोठ्या मुलांसाठी अरविंद गुप्ता यांचे काम पाहण्याजोगे आहे. आयआयटी कानपूरमधून अभियंता झालेल्या गुप्ता यांनी सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि आगकाड्या जोडून भूमितीचे आकार करून दाखविले. त्यांचे आगकाड्यांच्या प्रतिकृतींवरील पुस्तक १९८७ मध्ये निघाले. पुढे पुण्याच्या ‘आयुका’तील विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंपासून असंख्य खेळणी केली. त्यांची अनेक पुस्तके आणि चित्रफिती इंटरनेटवर विनामूल्य आहेत. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आगकाडीचे गुल आधी काढून टाकावे, हे सांगणे नलगे.

आता खर्चाची खरी बाजू. या खेळांना पैसे लागत नाहीत, पण वेळ लागतो आणि पसारा होतो. दिवसभर नोकरी करून लोकलने घरी परतलेल्या आईला ‘घरच्या घरी खेळणी करा’ असा उपदेश करणे सोपे असते. तो तिच्या एकटीच्या गळ्यात पडू नये. वडील, आजी-आजोबा, मोठे भावंड यांनी आपली वेळ ठरवून घेतली तरच हे जमते. रोज तासभर नव्हे, स्वयंपाक होईपर्यंतची वीस मिनिटे पुरतात. मोबाइलबाबत जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेला सल्ला असा की, एक वर्षाखालील मुलाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी तो दिवसात एका तासाहून अधिक नसावा.

सुरक्षेबाबत काटकसर नको. तीन वर्षांखालील मुलाच्या हाती चिंचोके, वाटाणे, मणी देऊ नयेत. ते नाका-कानात जातात, घशात अडकतात. बटणाएवढ्या चपट्या बॅटऱ्या कोणत्याही वयात हाताशी ठेवू नयेत. गिळल्यास अन्ननलिकेला काही तासांत गंभीर इजा होते. आणि विकत घ्यायचेच झाले, तर खेळण्यावर आयएसआय चिन्ह पाहावे. ते १ जानेवारी २०२१ पासून बंधनकारक आहे.

साहित्य ठेवण्यासाठी बुटांचे एक रिकामे खोके बाजूला काढावे. त्यात दोऱ्या, चिंध्या, झाकणे, लग्नपत्रिका असे जमत जाईल. सारे एकदम बाहेर काढू नये. दर आठवड्याला दोन-तीन वस्तूच द्याव्यात. खेळ जुन्या चादरीवर मांडला, तर संपल्यावर चारही टोके उचलून पसारा थेट खोक्यात रिकामा करता येतो आणि हे काम मूल आनंदाने करते.