बिझली नेमबाजी क्षेत्र

बिझली नेमबाजी क्षेत्र : इंग्लंडच्या सरे परगण्यातील एक जुने व विख्यात नेमबाजी क्षेत्र. हे लंडनच्या नैर्ऋत्येस ब्रुकवुड गावाजवळील माळरानावर असून १८९० पासून ब्रिटनच्या राष्ट्रीय रायफल संघाचे ते मुख्य ठाणे आहे. रायफल, पिस्तूल, छर्ऱ्याची बंदूक व हवाई बंदूक या सर्व प्रकारांची मैदाने येथे एकत्र आढळतात. सव्वाशेहून अधिक वर्षांच्या काळात शस्त्रे, दारूगोळा, गुणमापन, क्रीडानियम व कायदे यांत आमूलाग्र बदल झाले. त्या प्रत्येक बदलाबरोबर बिझलीची पुनर्रचना करावी लागली. त्यामुळे जुन्या चांदमारीच्या मैदानाचे आधुनिकीकरण कोणत्या कारणांनी होते आणि त्यातील कोणत्या अडचणी यंत्रांनी सुटतात व कोणत्या सुटत नाहीत, हे समजून घेण्यास बिझलीचा इतिहास विशेष उपयुक्त ठरतो.

पूर्वपीठिका : १८५९ च्या सुमारास फ्रान्सच्या स्वारीच्या भीतीने इंग्लंडमध्ये स्वयंसेवक पलटणी उभ्या राहिल्या. या नागरिक-सैनिकांना अचूक नेमबाजीचे शिक्षण मिळावे, या हेतूने त्याच वर्षी राष्ट्रीय रायफल संघाची स्थापना झाली. संघाचा पहिला मेळावा जुलै १८६० मध्ये लंडनलगतच्या विंबल्डन येथील माळावर भरला. बैठकीवर पक्की बसविलेली व्हिटवर्थ रायफल रेशमी दोरी ओढून झाडून राणी व्हिक्टोरियाने त्याचे उद्‌घाटन केले. ४०० यार्डांवरील (सु. ३६६ मी.) लक्ष्याच्या केंद्रभागी ती गोळी लागली. राणीच्या नावे ठेवलेले मुख्य पारितोषिक त्या वर्षी एडवर्ड रॉस या तरुणाने पटकाविले. पुढील एकोणतीस वर्षे हा वार्षिक मेळावा विंबल्डनलाच भरत राहिला.

या मेळाव्याचा महाराष्ट्राशीही संबंध आला. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (कारकीर्द १८६६–७०) १८७० मध्ये इंग्लंडच्या प्रवासास गेले होते. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्स येथे त्यांचे निधन झाले. कोल्हापूरच्या राजांची देणगी म्हणून ओळखला जाणारा ‘कोलापोर चषक’ १८७१ पासून सांघिक नेमबाजीसाठी ठेवण्यात आला. ब्रिटन व सागरापलीकडील देश यांच्या आठ-आठ नेमबाजांच्या संघांत ३००, ५०० व ६०० यार्डांवरून हा सामना होतो. विंबल्डन सोडल्यावर तो बिझलीस आला. मराठी मुलखातील एका संस्थानाचे नाव तेथील नेमबाजांच्या नित्य परिचयाचे झाले, ते या चषकामुळे.

विंबल्डनची मर्यादा : प्रारंभी लक्ष्ये ओतीव लोखंडाच्या पत्र्यांची असत. गोळी आदळली की चुन्याने रंगविलेल्या पत्र्यावर शिशाचा डाग उमटे. जवळच लोखंडी आडोशामागे बसलेला गुणदर्शक तो पाहून निशाणाने गुण कळवी. या पद्धतीत शिशाचे तुकडे उडत, डाग पुसट असत आणि दोन गोळ्यांचे डाग एकमेकांत मिसळत. १८७० नंतरच्या दशकात कॅनव्हसवर कागद चिकटवलेली लक्ष्ये आली. ती खंदकातील उभ्या चौकटींवर बसवून खाली-वर सरकविता येत. गोळी लागताच चौकट खाली ओढावयाची, छिद्रात तबकडी अडकवावयाची, आधीचे छिद्र बुजवावयाचे व चौकट पुन्हा वर चढवावयाची, अशी ही रीत होती. तिच्यामुळे गुणदर्शक जमिनीच्या पातळीखाली सुरक्षित राहू लागला आणि प्रत्येक गोळीची जागा नेमबाजाला दिसू लागली. मैदानाच्या आधुनिकीकरणाचा हा पहिला टप्पा म्हणता येईल.

मात्र विंबल्डनची मूळ अडचण लक्ष्याच्या पुढची नसून मागची होती. तोंडाने ठासावयाच्या एन्‌फील्ड रायफलीच्या जागी १८६६ नंतर मागून भरावयाची स्नायडर व १८७१ पासून मार्टिनी-हेन्‌री रायफल आली. १८८८ मध्ये ०·३०३ इंच व्यासाची ली-मेटफर्ड रायफल ब्रिटिश लष्कराने स्वीकारली. हिची चुकलेली गोळी सु. ३ किमी. पर्यंत जाऊ शकते. दुसऱ्या बाजूने रेल्वेमुळे लंडनची उपनगरे माळाच्या कडेपर्यंत सरकली होती. १८७१ च्या कायद्याने विंबल्डनचा माळ सार्वजनिक वापरासाठी राखून ठेवण्यात आला होता आणि तेथे फिरावयास येणाऱ्यांची संख्या वाढत होती. भटक्या गोळ्यांबद्दल शेजारच्या जमीनमालकांच्या तक्रारी येऊ लागल्या. लक्ष्यामागील मातीचा बांध उंच करून हा प्रश्न सुटण्यासारखा नव्हता. कारण बांधावरून गेलेली किंवा दगडावर आपटून उसळलेली गोळी कोठे पडावी, एवढी मोकळी जमीनच उरली नव्हती. अखेर १८८९ च्या मेळाव्यानंतर संघाने विंबल्डन सोडले.

बिझलीची रचना : नव्या जागेची निवड करताना गोळीचा पल्ला हाच मुख्य निकष ठरला. बिझलीच्या लक्ष्यांमागे टेकाडे असून त्यांपलीकडे लष्करी वापरातील विस्तीर्ण माळरान आहे. साहजिकच लक्ष्यामागील धोक्याचा टापू वस्तीपासून अलग राहिला. १२ जुलै १८९० रोजी वेल्सच्या राजपुत्राची पत्नी अलेक्झांड्रा हिच्या हस्ते पहिली गोळी झाडण्यात आली. विंबल्डनच्या काही लाकडी इमारती व तेथील ट्रॅमगाडी सोबत आणण्यात आली. ब्रुकवुड स्थानकापासून छावणीपर्यंत रेल्वेचा फाटा टाकण्यात आला; तो १९५२ पर्यंत चालू होता.

मैदानांची आखणी दोन प्रमुख गटांत झाली. ‘सेंच्युरी’ मैदानावर सु. शंभर लक्ष्यांची एकच लांब रांग असून तेथे १०० ते ६०० यार्डांवरून नेमबाजी होते. ‘स्टिकलडाउन’ मैदान लांब पल्ल्याचे असून तेथे १,२०० यार्डांपर्यंत (सु. १,०९७ मी.) नेम धरता येतो. राजा वा राणीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मुख्य पारितोषिकाची अंतिम फेरी ९०० व १,००० यार्डांवरून येथेच होते. १९३० मध्ये मार्जरी फॉस्टर हिने हे पारितोषिक जिंकले. तो मिळविणारी ती पहिली स्त्री होय.

बदलांचे टप्पे : बोअर युद्धात (१८९९–१९०२) ब्रिटिश सैनिकांच्या नेमबाजीतील उणिवा उघड झाल्या. त्यानंतर फील्डमार्शल लॉर्ड रॉबर्ट्‌स (१८३२–१९१४) यांच्या पुढाकाराने अल्पव्यासी रायफलींच्या मंडळांची चळवळ फोफावली. कामगार व कारकून यांना गावातच, थोड्या खर्चात व थोड्या जागेत सराव करता यावा, हा तिचा हेतू होता. त्यामुळे बिझलीच्या लांब मैदानांबरोबर लहान अंतराच्या मैदानांनाही महत्त्व आले. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधील रायफल व पिस्तूल स्पर्धा बिझलीस झाल्या. त्यांसाठी यार्डांच्या जोडीला ३०० मी. हे आंतरराष्ट्रीय अंतर व धावत्या हरणाचे लक्ष्य यांची सोय करावी लागली. धावत्या हरणाच्या स्पर्धेत स्वीडनच्या ऑस्कर स्वान याने वयाच्या साठाव्या वर्षी सुवर्णपदक मिळविले. दोन्ही महायुद्धांत वार्षिक मेळावे बंद राहिले व मैदाने लष्करी शिक्षणासाठी वापरली गेली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आंतरराष्ट्रीय नेमबाजीचे केंद्र बदलले. दूरच्या, वाऱ्याच्या अंदाजावर अवलंबून असणाऱ्या नेमबाजीपेक्षा १०, २५ व ५० मी. अंतरांवरील स्पर्धा ऑलिंपिकमध्ये प्रमुख झाल्या. हवाई रायफल व हवाई पिस्तूल यांसाठी तर छप्पर, समप्रमाण प्रकाश आणि वाराविरहित दालन आवश्यक ठरले. माळरानावर वाढलेल्या बिझलीत या सोयी अपुऱ्या होत्या.

१९९७ चे कायदे व २००२ ची पुनर्रचना : मार्च १९९६ मध्ये स्कॉटलंडमधील डनब्लेन येथील शाळेत एका बंदूकधाऱ्याने सोळा मुले व त्यांची शिक्षिका यांची हत्या केली. या घटनेनंतर १९९७ मध्ये झालेल्या दोन कायद्यांनी ग्रेट ब्रिटनमध्ये जवळजवळ सर्व हातबंदुका खाजगी मालकीतून काढून घेण्यात आल्या. पिस्तूल नेमबाजीची एक पूर्ण शाखा बिझलीत खुंटली. येथे आधुनिकीकरणाचा प्रश्न निराळ्या स्वरूपात पुढे आला. मैदान कितीही सुरक्षित असले, तरी समाजाने ते शस्त्र नागरिकाच्या हाती असू द्यावयाचे की नाही, याचा निर्णय मैदानाबाहेर होतो.

नेमक्या याच काळात २००२ च्या मँचेस्टर राष्ट्रकुल क्रीडासामन्यांतील नेमबाजी बिझलीस होणार असल्याचे निश्चित झाले. यजमान शहर मँचेस्टर असूनही लांब पल्ल्याची मैदाने येथे आयती होती. या निमित्ताने बिझलीत मोठी बांधकामे झाली. लॉर्ड रॉबर्ट्‌स यांच्या नावाचे बंदिस्त केंद्र उभारण्यात आले आणि मातीच्या तबकड्यांवरील नेमबाजीच्या मैदानांत सुधारणा झाली. पिस्तुलांच्या स्पर्धांसाठी कायद्यातून खास सवलत द्यावी लागली. या स्पर्धांत भारतीय नेमबाजांनी चौदा सुवर्णपदके मिळविली. त्यांत मुंबईच्या अंजली भागवत यांची चार असून हवाई रायफलच्या जोडी-स्पर्धेत सुमा शिरूर त्यांच्या सहकारी होत्या. भारतीय महिला नेमबाजीच्या उत्कर्षाचा हा महत्त्वाचा टप्पा मानला जातो.

इलेक्ट्रॉनिक लक्ष्ये : आधुनिकीकरणाचा सर्वांत ठळक भाग म्हणजे इलेक्ट्रॉनिक गुणमापन. स्वनातीत वेगाने जाणारी गोळी आपल्याभोवती आघाततरंग निर्माण करते. लक्ष्याच्या चौकटीवर बसविलेल्या ध्वनिग्राहकांपर्यंत हा तरंग किंचित वेगवेगळ्या वेळी पोहोचतो. या कालफरकांवरून संगणक गोळीची जागा काढतो व ती नेमबाजाशेजारच्या पडद्यावर तत्काळ दाखवितो. हवाई बंदुकीच्या मंद गोळीसाठी बंदिस्त कप्प्यातील ध्वनी किंवा प्रकाशकिरण यांचा उपयोग करतात. या पद्धतीने खंदकातील मनुष्यबळ वाचते, वाद टळतात व प्रेक्षकांनाही निकाल लगेच कळतो.

बिझलीच्या लांब मैदानांवर मात्र ही पद्धत सावकाश आली व तीही काही भागांपुरती. एक हजार यार्डांवर पोहोचेपर्यंत गोळीचा वेग ध्वनीच्या वेगाजवळ येतो. तो त्याखाली गेल्यास आघाततरंग मिळत नाही आणि उघड्या चौकटीचे मापन फसते. उन्हापावसात संवेदकांची वारंवार तपासणी करावी लागते. उलट लाकडी चौकट व कागद यांना वीज लागत नाही आणि त्यांतील बिघाड डोळ्यांना दिसतो. यामुळे खंदकातील जुनी रीत येथे पूर्णपणे टाकून देण्यात आलेली नाही.

शिशाचा प्रश्नही पुढे आला आहे. बांधांत व तबकड्यांच्या मैदानांवर वर्षानुवर्षे साठलेले शिसे माती व पाणी दूषित करू शकते. ते ठराविक काळाने गाळून काढणे, उतारावरील पाण्याचा निचरा नियंत्रित करणे व बंदिस्त दालनांत हवा खेळती ठेवणे, ही कामे आता कोणत्याही जुन्या मैदानाच्या दुरुस्तीत अंतर्भूत असतात.

मूल्यमापन : २०१२ च्या लंडन ऑलिंपिकसाठी बिझलीऐवजी वुलिच येथील लष्करी बराकींच्या आवारात तात्पुरती मैदाने उभारून स्पर्धेनंतर ती काढून टाकण्यात आली. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल क्रीडासामन्यांत तर नेमबाजीचा समावेशच नव्हता. मोठ्या स्पर्धा म्हणजे आधुनिकीकरणाला पैसा मिळण्याचा मार्ग. पण त्या येतात व जातात. भारतातही १९८२ च्या आशियाई सामन्यांसाठी दिल्लीजवळ तुघलकाबाद येथे बांधलेले व पुढे डॉ. कर्णीसिंग यांचे नाव दिलेले केंद्र २०१० च्या राष्ट्रकुल सामन्यांसाठी नव्याने उभारण्यात आले. त्यानंतर तेथे विश्वचषक स्पर्धा झाल्या व देशातील नेमबाजांना सरावाचे ठाणे मिळाले. वुलिचची मैदाने स्पर्धेबरोबर संपली, तुघलकाबादचे केंद्र मात्र तिच्यानंतरही उपयोगी पडले.

बिझलीचा अनुभव असा, की गुणमापनाची यंत्रे व इमारती पैशाने केव्हाही बदलता येतात. परंतु लक्ष्यामागील मोकळी जमीन एकदा गेली की परत मिळत नाही. विंबल्डनला लक्ष्ये सुधारली गेली, तरी मैदान वाचले नाही. बिझलीच्या संस्थापकांनी शस्त्राचा वाढता पल्ला जमेस धरून जागा निवडली, म्हणून पुढच्या पिढ्यांना बदलास अवसर राहिला. शहरांच्या कडेला आलेल्या जुन्या चांदमारीच्या मैदानांचे भवितव्य ठरविताना प्रथम या गोष्टीचा विचार व्हावा लागतो.