दत्तकसेवा, महाराष्ट्रातील

दत्तकसेवा, महाराष्ट्रातील : जन्मदात्या मातापित्यांना ज्याचे संगोपन करणे शक्य नाही, अशा बालकास दुसऱ्या कुटुंबात अपत्याचे कायदेशीर स्थान मिळवून देणे आणि त्यासाठी जन्मदाते, दत्तक व्यक्ती व दत्तक घेणारे कुटुंब या तिन्ही पक्षांना आवश्यक ते साहाय्य व मार्गदर्शन पुरविणे, यास दत्तकसेवा म्हणतात. दत्तकविधान प्राचीन आहे. दत्तकसेवा मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील सामाजिक सुधारणांतून उदयास आली. महाराष्ट्रातील तिच्या इतिहासाचे वैशिष्ट्य असे, की कायद्याने प्रथम दत्तक घेणाऱ्याच्या कुळाचा, नंतर बालकाचा आणि सर्वांत शेवटी जन्मदात्या मातेचा विचार केला; समाजसेवेचा आरंभ मात्र नेमका जन्मदात्या मातेपासून झाला.

धर्मशास्त्रीय पूर्वपीठिका : हिंदू धर्मशास्त्रात दत्तकाचे प्रयोजन दुहेरी मानले आहे : पितरांना पिंडोदक देणारा पुत्र मिळावा आणि कुळाचे नाव व मालमत्ता पुढे चालावी. त्यामुळे सामान्यतः पुत्रच दत्तक घेतला जाई. पतीच्या अनुमतीवाचून स्त्रीने पुत्र देऊ वा घेऊ नये, या वसिष्ठवचनाचा अर्थ निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळा लावला गेला. सतराव्या शतकातील नीलकंठ भट्टाच्या व्यवहारमयूखाचा महाराष्ट्रात मोठा प्रभाव होता. पतीने मनाई केलेली नसल्यास विधवेस त्याच्या स्पष्ट अनुमतीशिवायही दत्तक घेता येते, हे मुंबई इलाख्यातील तत्त्व मुंबई उच्च न्यायालयाने १८६८ मध्ये मान्य केले. विवाहित व पुत्रवान पुरुषही येथे दत्तक जाऊ शके. संस्थानांच्या बाबतीत दत्तक हा राजकीय प्रश्न बनला. सातारा (१८४८) आणि झांशी (१८५४) ही राज्ये दत्तक नामंजूर करून खालसा करण्यात आली. १८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारने हे धोरण सोडले. पुढे बडोद्याचे सयाजीराव (१८७५) व कोल्हापूरचे शाहू (१८८४) हे दत्तक म्हणूनच गादीवर आले.

या सर्व व्यवस्थेत एक मोठी उणीव होती. पुत्र देण्याचा अधिकार केवळ जन्मदात्या मातापित्यांचा असल्याने, रूढीचा अपवाद वगळता, ज्याला देणारे कोणी नाही असा अनाथ मुलगा दत्तक जाऊ शकत नसे. म्हणजे ज्या बालकास घराची सर्वाधिक गरज, तेच दत्तकास अपात्र ठरे.

सेवेचा आरंभ : विधवाविवाहास बंदी असलेल्या उच्चवर्णीय समाजात तरुण विधवेस गर्भ राहिल्यास तिच्यापुढे गर्भपात, बालहत्या किंवा आत्महत्या यांखेरीज मार्ग उरत नसे. संबंधित पुरुष बहुधा नामानिराळा राही. १८६२ पासून अंमलात आलेल्या भारतीय दंडसंहितेने बारा वर्षांखालील मूल टाकून देणाऱ्या मातापित्यास सात वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा ठेवली होती. जन्मलेल्या मुलाची हत्या केल्यावरून पुण्यातील एका ब्राह्मण विधवेला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. या घटनेने व्यथित होऊन म. जोतीराव फुले (१८२७–९०) व सावित्रीबाई फुले (१८३१–९७) यांनी १८६३ मध्ये पुण्यात आपल्या घराच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. विधवांनी येथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे वा ठेवून जावे हे त्यांच्या इच्छेवर राहील, अशा जाहिराती त्यांनी लावल्या. मातेची गुप्तता, सुरक्षित प्रसूती आणि निर्णयाचे स्वातंत्र्य ही आधुनिक दत्तकसेवेची तीन तत्त्वे या जाहिरातीत बीजरूपाने आढळतात.

या कार्याच्या मर्यादाही फुल्यांनी लपविल्या नाहीत. बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांवरील १८८४ च्या आपल्या टिपणात त्यांनी नमूद केले आहे, की तोपर्यंत या गृहात ३५ विधवा बाळंत झाल्या; त्यांच्या मुलांपैकी ५ जिवंत राहिली व ३० दगावली. गर्भ पाडण्यासाठी मातांनी आधीच घेतलेली विषारी औषधे हे त्याचे कारण त्यांनी दिले आहे. मदत मातेपर्यंत उशिरा पोहोचते तेव्हा बालकही वाचत नाही, हा या आकड्यांचा अर्थ होय.

या गृहात जन्मलेला ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत यास फुले दांपत्याने १८७४ मध्ये दत्तक घेतले. जात, गोत्र व कुळ यांच्या चौकटीबाहेरील हे दत्तक त्या काळी अपूर्व होते. जोतीरावांच्या अंत्ययात्रेत टिटवे धरण्याच्या यशवंताच्या अधिकारास भाऊबंदांनी हरकत घेतली, तेव्हा सावित्रीबाईंनी ते स्वतः हाती घेतले, असे चरित्रकार सांगतात. यशवंत पुढे डॉक्टर झाले. १८९७ च्या प्लेगमध्ये त्यांच्या दवाखान्यात रुग्णांची शुश्रूषा करीत असता सावित्रीबाईंना प्लेगची लागण होऊन त्यांचे निधन झाले.

पंढरपूर येथे न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने व प्रार्थना समाजाच्या आश्रयाखाली १८७५ मध्ये असेच गृह स्थापन झाले. वारीचे क्षेत्र म्हणून दूरदूरच्या निराधार विधवा येथे येत किंवा आणून सोडल्या जात. वासुदेव बाबाजी नवरंगे बालकाश्रम या नावाने ही संस्था पुढे प्रसिद्धीस आली. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येसाठी प्रथम फाशीची व नंतर सौम्य केलेली शिक्षा झाली. त्यावरील वादातून ताराबाई शिंदे यांचा स्त्रीपुरुषतुलना (१८८२) हा निबंध निर्माण झाला. दोषाचा सगळा भार स्त्रीवर टाकणाऱ्या समाजास त्यात जाब विचारला आहे.

संस्था व कायदा : विसाव्या शतकात बालकाच्या संरक्षणाची जबाबदारी शासनाने काही अंशी स्वीकारली. मुंबई बालक अधिनियम १९२४ मध्ये संमत झाला व १९२७ मध्ये मुंबईत चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली. श्रद्धानंद अनाथ महिलाश्रम ही संस्थाही मुंबईत त्याच वर्षी निघाली. या काळात संस्थेतील मूल दत्तक देण्यापेक्षा त्याला तेथेच वाढवून शिक्षण वा विवाह यांद्वारे मार्गी लावण्याकडे कल होता.

हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ अन्वये मुलगी दत्तक घेण्यास मान्यता मिळाली, स्त्रीला स्वतःसाठी दत्तक घेण्याचा अधिकार मिळाला आणि दत्तकाबद्दल मोबदला देणे-घेणे निषिद्ध ठरले. १९६२ च्या दुरुस्तीने, टाकून दिलेल्या किंवा मातापिता अज्ञात असलेल्या बालकास न्यायालयाच्या पूर्वपरवानगीने पालकामार्फत दत्तक देण्याची सोय झाली. संस्थांमधील बालकांना दत्तकाची वाट खऱ्या अर्थाने या दुरुस्तीने मोकळी झाली. यानंतर मुंबईत दत्तक प्रसारासाठी भारतीय संघटना (१९७०) स्थापन झाली. पुण्यात ससून रुग्णालयाच्या मित्रमंडळाचे श्रीवत्स हे केंद्र व भारतीय समाज सेवा केंद्र (१९७९) यांनी प्रशिक्षित समाजकार्यकर्त्यांच्या साहाय्याने कुटुंबाची पूर्वपाहणी, समुपदेशन व दत्तकोत्तर भेटी ही पद्धती रुजविली.

हा अधिनियम हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांनाच लागू आहे. मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी व परदेशी दांपत्यांना १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली केवळ पालकत्व मिळे. मूल सज्ञान होताच ते नाते कायद्याने संपे व वारसाहक्क मिळत नसे. सर्व धर्मीयांसाठी समान दत्तक कायदा करण्याकरिता १९७२ मध्ये संसदेत मांडलेले विधेयक पुढे मागे घ्यावे लागले.

परदेशी दत्तकातील गैरप्रकारांविषयी लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी लिहिलेले पत्र सर्वोच्च न्यायालयाने याचिका म्हणून दाखल करून घेतले. त्यावरील १९८४ च्या निर्णयात बालकाचे हित हा प्रधान निकष ठरविण्यात आला. त्याचबरोबर, जन्मदात्यांवर दडपण वा प्रलोभन असू नये आणि मूल देण्यापूर्वी त्यांना परिणामांची समज द्यावी, असेही न्यायालयाने सांगितले. या निर्णयाला अनुसरून १९९० मध्ये केंद्रीय दत्तक प्राधिकरण अस्तित्वात आले. बालन्याय अधिनियम, २००० व त्याची २००६ ची दुरुस्ती यांमुळे धर्मनिरपेक्ष दत्तकाची तरतूद झाली. स्वतःची मुलगी असलेल्या हिंदू दांपत्यालाही या कायद्याखाली आणखी एक मुलगी दत्तक घेता येते, असे मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये ठरविले.

विद्यमान पद्धती : २०१५ च्या बालन्याय अधिनियमानुसार मूल स्वाधीन करू इच्छिणाऱ्या जन्मदात्यांना बालकल्याण समितीपुढे लेख करून द्यावा लागतो, फेरविचारासाठी त्यांना दोन महिन्यांची मुदत असते. अविवाहित माता एकटी हा लेख करू शकते; विवाहित दांपत्य असल्यास दोघांची संमती लागते. परिस्थितीमुळे नाइलाजाने मूल सोडणाऱ्या जन्मदात्यांना या अधिनियमाने शिक्षेतून सूट दिली आहे. टाकून दिलेल्या बालकाच्या मातापित्यांचा शोध घेतल्यानंतरच समिती त्यास दत्तकासाठी मुक्त घोषित करते. इच्छुक कुटुंबाची नोंदणी व गृहपाहणी होते आणि दत्तकानंतर दोन वर्षे पाठपुरावा केला जातो. २०२१ च्या दुरुस्तीने दत्तकाचा आदेश देण्याचा अधिकार न्यायालयांकडून जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे दिला. ही दुरुस्ती सप्टेंबर २०२२ पासून अंमलात आली. मात्र जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम आदेशाद्वारे प्रलंबित प्रकरणे न्यायालयांनीच चालवावीत असे सांगितले.

भिवंडीचे उदाहरण : विविध व्यक्तिगत कायदे एकाच नगरात कसे नांदतात, हे ठाणे जिल्ह्यातील भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या गावी स्पष्ट होते. येथे उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन विणकर, कोकणी मुसलमान, तेलंगणातून आलेले पद्मशाली आणि परिसरातील आगरी यांची वस्ती आहे. पद्मशाली वा आगरी दांपत्य १९५६ च्या अधिनियमाखाली नात्यातील मूल दत्तक घेऊन दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दत्तकपत्र नोंदवू शकते. अशा दत्तकास न्यायालयाचा आदेश किंवा गृहपाहणी लागत नाही; तसेच मूल देणाऱ्या मातेशी कोणी स्वतंत्रपणे बोलावे, अशी तरतूदही त्यात नाही. इस्लामी कायद्यात अनाथाचे पालनपोषण पुण्यप्रद मानले आहे. परंतु पाल्याचा मूळ वंश पुसला जात नाही व तो वारस ठरत नाही. त्यामुळे असे मूल वाढविणारे कुटुंब हयातीत हिबा करून किंवा वसियतीने एकतृतीयांशापर्यंत मालमत्ता त्यास देऊ शकते. मुस्लिम व्यक्तीलाही बालन्याय अधिनियमाखाली इच्छेनुसार दत्तक घेता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने शबनम हाश्मी प्रकरणी २०१४ मध्ये स्पष्ट केले. मात्र हा मार्ग ऐच्छिक आहे. गावात बेवारस आढळलेले बालक, ते कोणत्याही समाजाचे असो, जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढेच आणावे लागते.

तिन्ही पक्षांचे साहाय्य : दत्तक घेणाऱ्या कुटुंबांसाठी मार्गदर्शन व पालकमंडळे यांचा महाराष्ट्रातील शहरांत बराच प्रसार झाला आहे. मुलास त्याच्या दत्तकपणाची माहिती लहानपणीच, त्याला समजेल अशा भाषेत द्यावी, याविषयी आता तज्ञांत एकमत आहे. पूर्वी ती लपविण्याकडे कल असे आणि विवाह वा वारसा यांच्या प्रसंगी ती अकस्मात उघड होई. दत्तक व्यक्तीस सज्ञान झाल्यावर आपल्या मुळाचा शोध घेण्यासाठी संस्था व प्राधिकरण यांच्याकडे अर्ज करता येतो. जन्मदात्यांनी गुप्ततेची इच्छा नोंदविली असल्यास मात्र त्यांची संमती आवश्यक असते. एकीकडे आपण कोण हे जाणण्याची इच्छा व दुसरीकडे मातेस दिलेला शब्द, असा हा पेच असून तो प्रत्येक प्रकरणी स्वतंत्रपणे सोडवावा लागतो.

जन्मदात्या मातेचे साहाय्य मात्र अद्याप अपुरे आहे. स्वाधीनलेखापूर्वी तिचे समुपदेशन करणे संस्थांवर बंधनकारक आहे. पण त्यानंतर तिचे आरोग्य, निवारा, उपजीविका आणि मन यांची काळजी घेणारी व्यवस्था दुर्मिळ आहे. दत्तक कुटुंबाचा दोन वर्षे पाठपुरावा होतो, तसा तिचा होत नाही. शिवाय एकटीने मूल वाढविण्यास तिला साहाय्य मिळाले असते, तर कदाचित स्वाधीनलेखाची गरजच पडली नसती. १८६३ च्या जाहिरातीत मूल नेणे वा ठेवणे हा निर्णय मातेवर सोपविलेला होता. दोन्ही पर्याय प्रत्यक्षात उपलब्ध असतील तेव्हाच त्या निर्णयास अर्थ येतो, आणि महाराष्ट्रातील दत्तकसेवेचे हे मूळ कार्य अजून पूर्ण व्हावयाचे आहे.