शंभरातल्या अठरांची कुळकथा

देहूरोडच्या धम्मभूमीवर दर २५ डिसेंबरला माणसांचा पूर लोटतो. १९५४ साली त्या दिवशी बाबासाहेबांनी इथे रंगूनहून आलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली आणि पंढरपूरचा विठोबा मुळात बुद्धच, असं मतही इथेच मांडलं, तेही तुकोबांच्या देहूपासून हाकेच्या अंतरावर. त्या भाषणावर भरपूर लिहून झालं आहे. मी जे सांगणार आहे त्याचं मूळ मात्र सत्तावीस वर्षं आधीच्या त्यांच्या दुसऱ्या एका भाषणात आहे. ते आकड्यांनी भरलेलं आहे, आणि बहुधा म्हणूनच फारसं वाचलं जात नाही.

१२ मार्च १९२७. मुंबईच्या कायदे कौन्सिलात शिक्षणखात्याच्या खर्चावर चर्चा चालू होती. बाबासाहेब नुकतेच सरकारनियुक्त सभासद झाले होते. चवदार तळं अजून आठवड्यावर होतं. महाडचा सत्याग्रह १९ आणि २० मार्चचा. महाडचा तो आठवडा शाळकरी मुलालाही ठाऊक असतो, पण त्याच्या आधीचा आठवडा कुणाच्या गावीही नसतो. त्या दिवशी त्यांनी सभागृहापुढे ठेवलेल्या हिशेबातली एक गोष्ट मला सोडत नाही: प्राथमिक शाळेत शिरलेल्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत पोचतात फक्त १८. उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत परततात.

या हिशेबाची ठेवण नीट पाहण्यासारखी आहे. शाळेत मुलं किती, हे सरकार दरवर्षी मोजतच होतं. बाबासाहेबांचा प्रश्न निराळा होता: आत आलेल्यांचं पुढे काय झालं? अमेरिकेतल्या प्रत्येक बऱ्या विद्यापीठात आज याच प्रश्नासाठी एक कचेरी असते, तिला ते संस्थात्मक संशोधनाची कचेरी म्हणतात. एका वर्षी दाखल झालेली तुकडी धरायची, ती वर्षानुवर्षं डोळ्यांआड होऊ द्यायची नाही, कोण गळलं, कोण पदवी घेऊन बाहेर पडलं, त्यात कोणत्या वंशाचे आणि कोणत्या उत्पन्नाचे किती, हे मांडून कुलगुरूंपुढे आणि सरकारपुढे ठेवायचं, हे तिचं मुख्य काम. १९९० पासून पदवीपर्यंत पोचलेल्यांचं प्रमाण जाहीर करणं तिथे कायद्यानेच बांधून दिलं आहे.

या कचेरीच्या जन्माबद्दल अमेरिकेत दोन मतं आहेत. डब्ल्यू. एच. काउली हा अभ्यासक ती वंशावळ थेट १७०१ पर्यंत नेतो, कारण येल काढणाऱ्यांनी आधी इतर कॉलेजांचा कारभार पाहून घेतला होता. मला हे ओढूनताणून वाटतं. शेजाऱ्याचं घर पाहून आपलं बांधणं हा शहाणपणा खरा, पण त्यात विद्यार्थ्याचा माग कुठे आहे? दुसरं मत इलिनॉय विद्यापीठाने १९१८ च्या सुमारास काढलेल्या कचेरीपाशी थांबतं. त्या व्यवसायाची संघटना व्हायला १९६५ उजाडलं. मी मात्र या विद्येचा उगम कॉलेजात शोधतच नाही. तो प्राथमिक शाळेत आहे. १९०८ मध्ये न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजातल्या एडवर्ड थॉर्नडाइकने शाळांतल्या गळतीचा अभ्यास छापला. शंभर मुलं आत आली, तर हायस्कूलच्या शेवटच्या वर्षापर्यंत टिकतात आठ, असं त्याने मांडलं. दुसऱ्याच वर्षी लिओनार्ड आयर्सने त्याच्या आकडेमोडीवर हरकत घेतली आणि वादच पेटला. कुणाचे आकडे बरोबर हा प्रश्न बाजूला ठेवू. शंभरांपासून सुरुवात करून शेवटी उरले किती ते विचारायचं, ही रीत त्या वादातून रूढ झाली.

टीचर्स कॉलेज आणि कोलंबिया विद्यापीठ यांच्यामध्ये एक रस्ता आहे, न्यूयॉर्कचा १२० वा. १९१३ ते १९१६ या काळात त्या रस्त्याच्या दक्षिणेला भीमराव आंबेडकर शिकत होते.

मला सापडलेला दुवा हाच. त्याला पहिली हरकत अशी की बाबासाहेबांनी कोलंबियात घेतलेल्या विषयांची यादी उपलब्ध आहे आणि तीत शिक्षणशास्त्र नाही. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४. हरकत खरी आहे. पण त्या तत्त्वज्ञानात जॉन ड्यूई होते, ज्यांचं ऋण बाबासाहेबांनी जन्मभर मानलं, आणि ड्यूई रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शिकवत. शाळा कुणाला बाहेर टाकते, हा त्या काळी त्या परिसरातला ऐरणीवरचा प्रश्न होता. तीन वर्षं तिथे राहून तो प्रश्न बाबासाहेबांच्या कानावर गेला नसेल, हे मला पटत नाही.

दुसरा पक्ष म्हणतो, ही सगळी सेलिग्मन यांची शिकवण. राजस्वाचा हा प्राध्यापक बाबासाहेबांचा गुरू. त्याच भाषणात बाबासाहेबांनी दाखवलं की सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करतं आणि दारूच्या अबकारीतून माणशी दोन रुपयांहून जास्त काढतं. यातला माणशी हिशेब सेलिग्मनच्या शाळेतलाच, ते मी मोकळेपणाने मान्य करतो. पण शंभरांतून अठरा हा हिशेब तिजोरीचा नाही, त्याचा विषय मूल आहे.

तिसरा पक्ष सर्वांत भक्कम आहे. आकडे मुळात ब्रिटिश सरकारचेच होते. शिक्षणाच्या प्रगतीचे पंचवार्षिक आढावे एकोणिसाव्या शतकापासून निघत होते, आणि १९२९ च्या हार्टोग समितीने देशभरासाठी असाच गळतीचा हिशेब मांडला. म्हणजे बाबासाहेबांनी नवं काय केलं? माझ्या मते, त्यांनी कोष्टकं फोडली. लोकसंख्येत पहिला क्रमांक मराठे आणि तत्सम मधल्या वर्गाचा, दुसरा मागासांचा, तिसरा मुसलमानांचा, शेवटचा पुढारलेल्या हिंदूंचा. कॉलेजात मात्र दोन लाख लोकसंख्येमागे पुढारलेले हिंदू १०००, मुसलमान ५२, मधला वर्ग १४ आणि मागास शून्य, फार तर एक. सरकारी आढाव्यात हे आकडे वेगवेगळ्या पानांवर निजून होते. ते शेजारी आणून त्यांना जाब विचारायला लावणं, ही त्या अमेरिकी कचेरीची खरी विद्या. तिचा आणखी एक पूर्वज इथलाच आहे: १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगाला सांगितलं होतं की सरकारचा पैसा येतो रयतेकडून आणि शिक्षण मिळतं वरच्यांना. फुल्यांनी अन्याय सांगितला होता, बाबासाहेबांनी पंचेचाळीस वर्षांनी त्याला कोष्टक दिलं.

पुढचे टप्पे सर्वांना माहीत आहेत. १९९४ मध्ये बंगळुरूला कॉलेजांचं मूल्यांकन करणारं नॅक आलं, कॉलेजाकॉलेजांत आयक्यूएसी म्हणजे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष स्थापन झाले, २०१०-११ पासून एआयएसएचईचे, म्हणजे उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीचे, फॉर्म भरले जाऊ लागले. देहूरोड ते लोणावळा या पट्ट्यातल्या कॉलेजांतही आयक्यूएसीचा कोऑर्डिनेटर एक्यूएआर या वार्षिक गुणवत्ता अहवालासाठी फायली जमवताना दिसतो. एआयएसएचईच्या फॉर्मात एससी, एसटी, ओबीसी, मुस्लिम, अपंग, मुलगे, मुली असे सगळे रकाने आहेत. कोष्टकं फोडण्याचं १९२७ चं काम आता देशभर होतं, याचा मला मनापासून आनंद आहे.

पण त्या फॉर्मात यंदा वर्गात किती, हे विचारतात. तीन वर्षांपूर्वी आलेल्या शंभरांपैकी किती उरले, हे विचारत नाहीत. एफवायला लोणावळा लोकलने येणारा मुलगा एसवायला तळेगाव किंवा चाकणच्या कंपनीत कंत्राटावर लागला, की त्याची जागा पुढच्या वर्षीचा मुलगा भरतो आणि एकूण आकडा तसाच राहतो. हा मुलगा का गळतो, हे बाबासाहेबांना पक्कं कळलं होतं: १९४६ मध्ये मुंबईत त्यांनी सिद्धार्थ कॉलेज काढलं, तेव्हा नोकरी सांभाळून शिकता यावं म्हणून वर्ग सकाळी ठेवले.

शाळांच्या दाखलखारीज रजिस्टरात दाखल झाल्याची तारीख असते, सोडल्याची तारीख असते आणि सोडण्याचं कारणही असतं. कॉलेजातही प्रवेशाची यादी आणि पदवीची यादी एकाच कपाटात असते. आयक्यूएसीने २०२१ च्या एफवायची यादी घ्यावी, २०२४ च्या टीवायच्या निकालाशी नावानिशी जुळवावी, न जुळलेल्या नावांपुढे प्रवर्ग आणि कारण लिहावं, आणि तो कागद कुणी मागण्याची वाट न पाहता प्राचार्यांच्या टेबलावर ठेवावा.