बोरघाट आणि मोटारीचे मूळ चाक

मोटारीचा इतिहास लिहिणारे बहुधा इंजिनापासून आरंभ करतात आणि बॉडीच्या रेषांपाशी येऊन थांबतात. जमिनीला प्रत्यक्ष टेकणाऱ्या चार तळहाताएवढ्या रबराच्या ठशांविषयी कोणी लिहीत नाही. आमच्या मते जुन्या स्पोर्ट्स मोटारीच्या बाबतीत सर्वांत बोलका पुरावा तिच्या कारखान्यातून आलेल्या मूळ चाकावरच असतो. इंजिन उघडून नवे करता येते, रंग दहादा बदलता येतो. रिमचा व्यास आणि रुंदी मात्र जशी घडवली तशीच राहते. त्या रिमवर आज कोणता टायर चढवावा, हा प्रश्न वरवर पाहता गॅरेजातला आहे. तो सोडवायला बसले की मात्र इतिहासाचे बरेच सामान जमा करावे लागते, आणि मावळात, लोणावळ्या-खंडाळ्याच्या वाटेवर, ते सामान भरपूर आहे.

कल्याण-सोपाऱ्याहून देशावर येणारी जी प्राचीन वाट कार्ले-भाज्याच्या लेण्यांजवळून जाते, तिच्यावरचा बोरघाट शतकानुशतके मुख्यतः बैलांच्या पाठीवरून आणि माणसांच्या डोक्यावरून माल चढताना पाहत होता. चाकाच्या गाड्यांसाठी बांधलेला रस्ता खुला झाला तो १८३० साली, गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात. (त्याच सुमारास बांधलेला आणि पुढे 'अमृतांजन पूल' म्हणून ओळखला गेलेला पूल एप्रिल २०२० मध्ये पाडला गेला, हे वाचकांना आठवत असेलच.) खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत सुमारे साडेपाचशे मीटरची चढण, वळणामागून वळण, आणि पावसाळ्यात लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पडणारे पाणी. मुंबईच्या धनिकांचे बंगले वर आणि त्यांच्या पेढ्या खाली, अशी व्यवस्था असल्यामुळे हौसेची मोटार या घाटात फार लवकर आली. द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण होईपर्यंत प्रत्येक मोटारीला हीच जुनी वळणे चढावी लागत.

आता मापांकडे वळू. जॅग्वार एक्सके १२० ही मोटार ऑक्टोबर १९४८ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात मांडली गेली. नावातला आकडा तिच्या वेगाचा: ताशी १२० मैल, म्हणजे सुमारे १९३ किलोमीटर. तिच्या चाकावरचे माप होते ६.००-१६. यातला पहिला आकडा टायरच्या रुंदीचा, दुसरा रिमच्या व्यासाचा, दोन्ही इंचांत. त्या काळच्या टायरची उंची रुंदीइतकीच धरण्याचा प्रघात होता, म्हणून ती वेगळी लिहीत नसत. या टायरच्या आतील धाग्यांचे थर एकमेकांना तिरके छेदत जातात. इंग्रजीत त्यास क्रॉस-प्लाय म्हणतात, आपल्याकडे सरसकट 'नायलॉन टायर'.

योगायोग असा की ६.००-१६ हेच माप विलीज जीपचे होते, आणि ती जीप महिंद्र अँड महिंद्र मुंबईतच जुळवीत होती. स्वातंत्र्यानंतर परदेशी मोटारींची आयात आवळत गेली. १९५३ साली टॅरिफ कमिशनने ज्यांना येथेच उत्पादन करायचे आहे त्यांनाच वाव द्यावा अशी शिफारस केली आणि जनरल मोटर्स व फोर्ड यांनी आपला येथील कारभार आटोपला. ज्यांच्यापाशी अशा मोटारी होत्या त्यांच्याजवळ त्या राहिल्या. टायर मात्र झिजत राहिले. अशा वेळी बाजारात जे मिळे ते जीपचे. सोळा इंची रिमवर ते बसे, हवा धरी, घाटही चढे. परंतु ठोकळ्यांच्या नक्षीचा, ताशी शंभर किलोमीटरही जेमतेम गाठणाऱ्या वाहनासाठी केलेला तो टायर, त्याच्या दुप्पट वेगासाठी घडवलेल्या मोटारीखाली घालणे म्हणजे केवळ आकड्यांवर विश्वास ठेवणे होय.

हाच खेळ पंधरा इंची मापात अधिक गमतीने खेळला गेला. १९५५ च्या एमजीए मोटारीत १४८९ सीसीचे जे इंजिन होते त्याच घराण्यातले इंजिन पुढे हिंदुस्थान मोटर्सच्या अँबॅसडरने वर्षानुवर्षे वाहिले. एमजीएचे नेहमीचे माप ५.६०-१५, १९५८ च्या ट्विन कॅम आवृत्तीला कारखान्यानेच ५.९०-१५ दिले होते. अँबॅसडरचे मापही ५.९०-१५! म्हणजे देशातल्या कोणत्याही टायरवाल्याकडे स्पोर्ट्स मोटारीचे माप टांगलेले होते. माप जुळले, जात मात्र जुळली नाही: ट्विन कॅमचा टायर वेगासाठी बनलेला, अँबॅसडरचा ओझ्यासाठी आणि खड्ड्यांसाठी. अशा तडजोडींना हसणे सोपे आहे. आम्हांस मात्र वाटते की बंद बाजारात या मोटारी चालत्या राहिल्या त्या अशा जुळणाऱ्या आकड्यांमुळेच. ज्यांचे माप कोठेच जुळले नाही, त्या रखडल्या. एमजी टीसीचे (१९४५ ते १९४९) उंच, तारांचे चाक ४.५०-१९ चे. एकोणीस इंच म्हटले की आपल्याकडे बुलेट आठवते, तिचे ३.२५-१९, पण मोटारसायकलचा टायर वळणावर कलण्यासाठी गोल पाठीचा केलेला असतो, मोटार तर वळणावर सरळ उभी राहून त्यास बाजूने रेटते. तेथे बुलेटचा टायर चालणे नव्हे.

आज परिस्थिती उलटी आहे. बाजारात टायर अनेक, आणि म्हणूनच मोह अनेक. सोळा इंची रिमसाठी सर्वत्र मिळणारे माप २०५/५५ आर १६. यात २०५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ५५ म्हणजे उंची रुंदीच्या ५५ टक्के, आणि 'आर' रेडियल बांधणीचा. हिशेब केला तर या टायरचा एकूण व्यास सुमारे ६३२ मिलिमीटर येतो. मूळ ६.००-१६ चा व्यास ७१० च्या आसपास. अकरा टक्क्यांचा फरक! स्पीडोमीटर शंभर दाखवील तेव्हा मोटार ८९ ने जात असेल, जमिनीपासूनची उंची जवळजवळ चार सेंटिमीटरने घटेल. चढाला हा बदल सोयीचाच वाटेल, कारण गिअर आपोआप हलका होतो. पण सपाटीवर इंजिन विनाकारण ओरडत राहील. शिवाय मूळ रिम सुमारे पाच इंच रुंद, आणि हा टायर मागतो किमान साडेपाच. अरुंद रिमवर रुंद टायर बसवला की त्याच्या भिंती आत खेचल्या जातात, पाठ फुगते आणि मध्यभागच तेवढा झिजतो. याउलट १८५ आर १६ हे जुन्या पद्धतीचे, पूर्ण उंचीचे रेडियल माप परदेशातून मागवावे लागते खरे, पण त्याचा व्यास मूळ टायरशी मिलिमीटरच्या फरकाने जुळतो.

रुंद टायर म्हणजे अधिक पकड, हा समज कोरड्या रस्त्यावर बराचसा खरा आहे. मावळातल्या आषाढात तो उलटतो. साचलेल्या पाण्यावरून जाताना टायरला समोरचे पाणी बाजूला सारावे लागते. जितका रुंद टायर तितके पाणी अधिक, आणि ते सारता आले नाही की चाक पाण्यावर तरंगू लागते. लांबट, अरुंद ठसा पाणी कापत जातो. हजार-बाराशे किलोच्या हलक्या मोटारीला तर हे विशेष लागू. तेव्हा जुन्या कारखान्याने दिलेली अरुंद रिम ही मागासलेपणाची खूण मानून ती फेकणारे लोक लोणावळ्यात राहूनही पाऊस विसरलेले असतात, असे म्हणावे लागते.

चौदा इंची मापाचे नशीब मात्र चांगले निघाले. एमजीबी १९६२ ची. आरंभी तिला ५.६०-१४, पुढे तिच्या जीटी आवृत्तीला १६५-१४ रेडियल. या मापाचा आजचा भाऊबंद १६५/८० आर १४, आणि तो मारुतीच्या स्विफ्ट व डिझायरच्या साध्या आवृत्त्यांवर वर्षानुवर्षे आला. व्यासात फरक एक टक्क्याचा. त्याच्यावरील 'टी' हे अक्षर ताशी १९० किलोमीटरची ग्वाही देते, एमजीबीचा कमाल वेग त्याच्या आतच. टॅक्सीचा म्हणून ज्याच्याकडे कोणी वळून पाहत नाही, तो टायर साठ वर्षांपूर्वीच्या स्पोर्ट्स मोटारीला असा बेतून शिवल्यासारखा बसतो. एक पथ्य मात्र पाळावे: तारांचे चाक असेल किंवा रिम ट्यूबलेसपूर्व काळातली असेल तर आत ट्यूब हवीच. आजच्या रिमच्या कडेआड एक बारीक उंचवटा असतो, तो टायरची कड जागेवर धरून ठेवतो. जुन्या रिमला तो नसतो. आणि पुढे रेडियल, मागे नायलॉन अशी मिसळ तर घाटात करूच नये. पुढची पकड मागच्याहून वरचढ झाली की उतारावरच्या वळणावर शेपटी निसटते.

मावळाने स्वतःही एक स्पोर्ट्स मोटार घडवली. दिलीप छाब्रिया यांची डीसी अवंती २०१२ च्या दिल्लीतील ऑटो एक्स्पोमध्ये मांडली गेली आणि पुढे तळेगावच्या कारखान्यातून बाहेर पडली. आसनांच्या पाठीशी दोन लिटरचे टर्बो इंजिन, आणि खाली वीस इंची चाके. तिचे उत्पादन पुढे थांबले. एक्सके १२० च्या टायरची भिंत दीडशे मिलिमीटर उंच होती. वीस इंची रिमवर २५५ रुंदीचा, ३५ मालिकेचा टायर घेतला तर भिंत उरते ८९. खड्डा आला की टायर दबण्याआधी रिमच दबते. भिंत वाढवावी म्हणून ४० मालिका घ्यावी तर व्यास पावणेचार टक्क्यांनी वाढतो आणि टायर चाकाच्या कमानीला घासण्याची भीती. प्रदर्शनातल्या दिव्याखाली शोभावे म्हणून निवडलेले चाक आणि घाटाच्या रस्त्यासाठी निवडलेले चाक यांतले अंतर मोजायचे असेल तर हे दोन आकडे पुरेत. वीस इंची टायर महाग, आणि उत्पादन थांबलेल्या मोटारीचे मूळ चाक वाकले तर जोडीदार चाक आणायचे कोठून? उद्याच्या संग्राहकापुढचा हा प्रश्न एमजी टीसीच्या मालकाच्या प्रश्नाहून फार वेगळा नसेल.

२०२१ साली केंद्राने विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांवरील आणि चासी, बॉडी व इंजिन यांत मोठे फेरफार न झालेल्या वाहनांना वेगळी नोंदणी मिळू लागली. चाकांचा उल्लेख त्या यादीत नाही, म्हणून चाके सर्वांत आधी बदलली जातात. मूळ चाके निदान बंगल्याच्या माळ्यावर तरी जपून ठेवावीत. जी वापरात आहेत त्यांच्या टायरवरचे चार आकडे वाचावेत: पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. वर्षातून चार वेळा बाहेर पडणाऱ्या मोटारीचा टायर झिजत नाही, तो कोरडा पडतो, भिंतीला बारीक भेगा जातात. नक्षी नव्यासारखी आणि आकडे ०९०८, असा टायर घेऊन खंडाळ्याची उतरण उतरू नये.